एकसारख्या थेंबांचं भांडण

नयना, तुझ्या बाराव्याला मी भरल्या पानावरून उठले, म्हणून जयेश अजून माझ्यावर फुगलाय. तुझाच भाऊ तो, फुगायचाच. पण झालं काय ते ऐक. वरणभात वाढून झाला होता, मी पहिला घास उचलला, आणि समोर बसलेली कोणीतरी बाई शेजारणीला म्हणाली, "पोरगी किती शांत होती गो. कधी कोनाशी भांडली नाय." माझा घास हातातच राहिला. कोण शांत? तू? मी उठले, हात धुतले, चपला घातल्या आणि वेसाव्याच्या त्या गल्लीतून तरातरा चालत सुटले. रिक्षा दिसली तरी थांबवली नाही.

रडत होते, पण खरं सांगू, ते दुःखाचं रडणं नव्हतं. संताप झाला होता. आपण कॉलेजात भेटल्यापासून भांडतोय. गाळा घेताना भांडलो, गाळ्याला रंग कुठला द्यायचा यावरून भांडलो, तुझ्या डब्यातल्या सुक्या बोंबलाच्या वासावरून भांडलो, आणि माझ्या ठेच्याने तुझं तोंड पोळलं त्यावरूनही. आणि ती बाई, जिने तुला कधी धड बघितलंही नसेल, तिने एका वाक्यात आपलं सगळं पुसून टाकलं.

तुझ्या आत्याची तर वेगळीच तऱ्हा. ती आल्यागेल्याला सांगत होती की नयना चष्म्याच्या काचा बनवायची. मी म्हटलं, आत्या, चष्मा नाही हो, आम्ही थेंब पाडतो. तिने माझ्याकडे असं बघितलं की हिचं डोकं फिरलंय बिचारीचं. मग बसले आपली समजावत. नखाएवढा पारदर्शक रबराचा तुकडा, खाली काच, त्याला आम्ही चिप म्हणतो. आत केसाइतक्या बारीक वाटा. मधल्या वाटेने पाणी येतं, दोन बाजूंनी तेल येतं, आणि पुढे जागा अरुंद झाली की तेल पाण्याची मान आवळतं. तिथे एक थेंब सुटतो. त्याच्यामागे दुसरा. पापणी लवेपर्यंत ढीग होतो, आणि सगळे एका मापाचे. पाण्याच्या जागी रक्ताचा नमुना घेतला की प्रत्येक थेंब म्हणजे एक इवलीशी परीक्षानळी. कुठल्या थेंबात जंतू सापडला, किती थेंबांत सापडला, ते मोजायचं, म्हणजे आजार लवकर कळतो. आत्याने सगळं ऐकून घेतलं. "पन एका मापाचेच कशाला पायजेत?" मी म्हटलं, एक मोठा नि एक लहान झाला तर मोजणी चुकते. "आसं व्हय," ती म्हणाली, "म्हंजे मासळीचे वाटे. लहानमोठे लावले का गिऱ्हाईक भांडतं." मी म्हटलं, हो आत्या, वाटेच. एवढी वर्षं आपण लोकांना समजवायला कागदावर चित्रं काढत होतो, आणि हे सुचलं नाही. तुझ्या तर घरातलं होतं गं.

मरोळच्या त्या गाळ्यात आपली वाटणी पक्की होती. चिप मी करायची, चालवायची तू. साच्यावर सिलिकॉन ओता, त्यातली हवा काढा, भट्टीत ठेवा, घट्ट झालं की अलगद सोला, नळ्यांसाठी भोकं पाडा, काचेवर चिकटवा, हे माझं. पंप, तेल, मायक्रोस्कोप हे तुझं. पंपाचे आकडे मी कधी विचारले नाहीत आणि माझ्या साच्याला हात लावायची तुझी टाप नव्हती. शेजारच्या गाळ्यात पुठ्ठ्याचे खोके कापायचं प्रेस. ते चालू असलं की आपलं टेबल थरथरायचं, म्हणून थेंब पाडायचे ते त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. सगळं मरोळ जेवत असायचं आणि आपण दोघी उपाशीपोटी थेंब बघत बसायचो. मग भुकेने आणखी भांडायचो.

आणि आपलं सगळ्यात जुनं भांडण, एसी. तुला बावीस हवं, मला सत्तावीस. "तेल ऊन झालं की पातळ होतं, सुजे. एमएस्सीला एवढं तरी शिकवलं असेल ना?" "आणि मी गार पडले तर?" "तू काय तेल आहेस?" "तुझ्या तेलापेक्षा तरी कामाची आहे." असं रोज. तू कोळ्यांची. तुझी आई बाजारात मासळी घेऊन बसायची, तू शाळेतून आलीस की तिच्याबरोबर बर्फात हात घालायचीस. तुला बावीस म्हणजे उन्हाळा. माझे आईवडील अकोल्याकडचे. मी चेंबूरला जन्मले, पण ऊन बहुतेक आईच्या दुधातून आलंय. माझी बसायची जागा नेमकी एसीच्या तोंडाशी. ती बदलायची म्हटलं तर भट्टी हलवायला लागेल, आणि भट्टी हलवायची म्हटलं की वेगळं भांडण.

एकदा माझ्याकडून भोक वाकडं पडलं. तयार चिप, फुकट गेली. तू बोंबललीस, "लक्ष कुठे होतं तुझं?" मी म्हटलं, बोटं आखडतात गं, भोकं पाडायचा पंच धरवत नाही. तू आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलंस आणि मग माझा हात हातात घेतलास. "आईशप्पथ," म्हणालीस, "बर्फातलं पापलेट बरं." माझी बोटं थोडा वेळ तशीच धरून ठेवलीस. मग सोडलीस आणि आपल्या जागेवर जाऊन बसलीस.

त्यानंतर तू एसीवरून बोलणं सोडलंस. सकाळी आल्या आल्या रिमोट टेबलावर आपटून बावीस लावायचीस, मला ऐकू जाईल असं. मी तासाभराने उठून सत्तावीस करायचे. तू बघायचीस. ओठ दाबून बघायचीस आणि पंपाकडे वळायचीस. मला वाटलं, चला, दमली बाई एकदाची. मी घरी जाऊन आईला सांगितलं, "मी जिंकले." आई म्हणाली, "कोळीण हरत नसते, जपून राहा." आपल्याकडे कोणी काम बघायला आलं की तू मात्र छाती फुगवून सांगायचीस, "आमच्याकडे कायम बावीस. एक डिग्री हलत नाही." मी मागे उभी राहून हसू दाबायचे.

हॉस्पिटलचं आठवायचं नाही असं रोज ठरवते आणि रोज आठवते. तू डोळे मिटून पडली होतीस. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात तू पुटपुटलीस, "सुजे, ते सलाईन बघ. एक थेंब मोठा, एक बारका. कोणी सेट केलंय हे?" नळीत एक बुडबुडा अडकला होता. मी सवयीने टिचकी मारून तो वर घालवायला गेले, तर सिस्टर धावत आली. "मॅडम, हात नका लावू प्लीज." तू डोळे न उघडता म्हणालीस, "लावू द्या हो तिला. तिचं दुसरं काम काय आहे." सिस्टर पण हसली. तुझ्या अंगात तेव्हा पाणी प्यायची ताकद नव्हती, पण मला टोमणा मारायला कुठून आणायचीस कोण जाणे.

त्याच दिवशी तू म्हणालीस, "गाळा बंद करायचा नाही." मी म्हटलं, "गप पड." "आधी कबूल कर." "तू बरी होऊन ये, मग बघू." "सुजे, मी काय विचारतेय?" मी नाही केलं कबूल. खिडकीबाहेर बघत बसले. हो म्हटलं असतं तर तू जाणार हे मी मान्य केल्यासारखं झालं असतं, आणि ते मी तुझ्या तोंडावर तरी करणार नव्हते. तू चिडून तोंड फिरवलंस. तुला कूस बदलायला त्रास व्हायचा, तरी फिरवलंस. मला वाटलं, चिडली म्हणजे अजून जीव आहे तिच्यात. मला तर बरं वाटलं होतं गं तेव्हा. दुसऱ्या दिवशी तू कोणाशीच बोलण्याच्या स्थितीत नव्हतीस.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं, आणि ते द्यायची वेळ तू गेल्यावर लगेच आली. त्या रक्तचाचणीवाल्या डॉक्टर बाई. आजवर त्या आपल्याकडून थेंब पाडून न्यायच्या. आता त्यांना चिप हवी होती, त्यांच्या लॅबमध्ये त्यांनाच चालवायची आहे. आधी आपण एकदा चालवून, थेंबांचा फोटो काढून दाखवायचा, सगळे एका मापाचे आले तर काम आपलं. नाही आले तर त्या दुसरीकडे बघणार. त्यांनी ते अगदी नरमाईने सांगितलं, तुझं कळल्यावर फोनवर रडल्यासुद्धा, पण सांगितलं. आणि हातात दुसरं काम नाही. जयेश म्हणाला, "ताई, मालकाला चावी देऊन टाक. तिच्याशिवाय काय चालनार हाय तिकडं?" चावी माझ्या पर्समध्ये होती. मी पर्स घट्ट धरून बसले, जणू तो हिसकावूनच घेणार होता.

मग मी चालवायला घेतलं. सगळं तुझं जसंच्या तसं. पंपात तुझे आकडे साठवलेले होते, ते तसेच ठेवले. तेल तुझंच. तुझं स्टूलसुद्धा उंच करून ठेवलेलं, माझे पाय खाली टेकत नाहीत त्यावर, तरी तसंच. आणि एसी बावीसवर. वाचलंस ना नीट? बावीस. सकाळी आले की रिमोट आपटायचा, बावीस लावायचं, आणि दिवसभर हात लावायचा नाही. ऐन ऑक्टोबर हीटमध्ये मी घरून स्वेटर नेला. वॉचमन बघतच राहिला. मला वाटलं, तू असताना कधी ऐकलं नाही, आता तरी तुझं ऐकावं. लोक मेलेल्यांच्या फोटोला हार घालतात. तुझा फोटो मी अजून लावलेला नाही, बघवत नाही. मी बावीस लावलं.

आणि वाट लागली. थेंब असे येत होते की तू असतीस तर पंपच उचलून फेकला असतास. पाण्याची मान आवळली जातच नव्हती. धार लांबच लांब पुढे जायची आणि कुठेतरी मनाला येईल तशी तुटायची. एक वाटाणा, एक मोहरी, मग दोन मोहऱ्या. सारखे थेंब कसे ओळीत एकमेकांना खेटून, मधाच्या पोळ्यासारखे बसतात. हे नुसते सांडल्यासारखे. मला वाटलं चिपच खराब. म्हणजे मी खराब. साचा धुतला, नवीन सिलिकॉन ओतलं, पुन्हा सोललं, पुन्हा भोकं पाडली. पुन्हा तेच. रोज जेवणाच्या सुट्टीत शेजारचं प्रेस थांबायचं आणि मी पुन्हा पंप चालू करायचे.

एक गोष्ट फक्त तुला सांगते. रोज संध्याकाळी कुलूप लावताना मला थोडं बरंही वाटायचं. नाही जमत. नयनाशिवाय नाही जमत. बघा म्हणावं, ती काय होती ते. वेसाव्याच्या त्या बाईला आणून दाखवावंसं वाटायचं, हे बघा, हे वाकडेतिकडे थेंब, ही गेल्यावर हे असं झालंय. गाळा बंद पडला असता तर मी रडले असते, पण मान वर करून रडले असते.

परवा पुन्हा भोक वाकडं पडलं. बोटं आखडली होती. त्या दिवशी हात धरायला कोणी नव्हतं, आणि मला असा संताप आला, तुझा, एसीचा, त्या डॉक्टरबाईंचा, की मी रिमोट उचलला आणि म्हटलं, मर मेल्या. सत्तावीस. स्वेटर काढून फेकला. बंदच करायचंय ना सगळं, मग निदान उबेत बसून बंद करू. म्हटलं, जुन्या चिपमधून उरलेलं तेलपाणी काढून टाकू, पंप धुवून ठेवू. फोटोबिटो काही काढायचा नव्हता. प्रेस थांबेपर्यंत खोली उबली होती. पंप चालू केला आणि उगाच, सवयीने, मायक्रोस्कोपला डोळा लावला.

नयना, थेंब एकामागून एक सुटत होते. मान आवळायची, थेंब सुटायचा. मान आवळायची, थेंब सुटायचा. सगळे एका मापाचे, एकमेकांना खेटून, ओळीच्या ओळी. मी डोळा काढला, पुसला, परत लावला. तरी तसेच.

माझा विश्वास बसेना. मी परत बावीस लावलं आणि स्वेटर घालून बसून राहिले. खोली गार झाली, तेल घट्ट झालं, धार लांबली, वाटाणा नि मोहरी सुरू. परत सत्तावीस. परत ओळी. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. तुझे आकडे बावीसचे नव्हतेच. ज्या दिवशी तू माझी बोटं धरलीस, त्यानंतर कधीतरी तू पंपाचे सगळे आकडे माझ्या सत्तावीसवर बसवून घेतलेस. गुपचूप. पातळ तेलाला जेवढा वेग लागतो तेवढा मोजून, परत परत पाडून बघून. ते काही एका दिवसाचं काम नाही. माझ्या नाकासमोर बसून तू ते केलंस आणि मला वाटत राहिलं, तू नुसती ओठ दाबून बसलीस.

आणि सकाळचं ते रिमोट आपटणं? ते बावीस? नाटक. मी उठून सत्तावीस करणार हे तू धरूनच चालली होतीस. माझा हट्ट तू हिशोबात धरला होतास, स्वयंपाकातल्या मिठासारखा. पण तोंडाने कबूल करशील तर कोळीण कसली. आई बरोबर म्हणत होती. अशी कशी गं तू? एकदा तरी सांगायचंस. मी चार दिवस टेंभा मिरवला असता, तू चार शिव्या घातल्या असत्यास, झालं असतं. आता मी हे घेऊन कुठे जाऊ? आभार मानायची आपली पद्धत नाही. तुला थँक यू म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, ताप आलाय का. तरी म्हणते. माझ्या बोटांसाठी तू एवढं केलंस. मी त्या स्टुलावर बसून खूप रडले. जेवणाची सुट्टी संपली, प्रेस सुरू झालं, टेबल थरथरायला लागलं, तरी रडत होते.

फोटो काढला तो दुसऱ्या दिवशी. पाठवला. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन. "सुजाता मॅडम, झकास आलंय. काम तुमचंच. चिप पाठवून द्या." मला आनंद व्हायला हवा होता. गाळा वाचला. तुला हवं होतं ते झालं. पण माझ्या मनात एकच, की हे तिच्याशिवाय जमलं. मग त्या म्हणाल्या, "फक्त एक सांगा, रूम टेम्परेचर किती ठेवायचं? नयना मॅडम नेहमी बावीस म्हणायच्या ना?"

बावीस म्हटलं असतं तर तुझा शब्द राहिला असता. आपलं भांडणही राहिलं असतं, तसंच, अर्धवट, तुझं तुझं आणि माझं माझं. पण मग तिकडे थेंब वाकडे पडले असते, मोजणी चुकली असती, आणि कुणाच्या तरी रक्तातला आजार दिसायचा राहिला असता. ते तूच मला करू दिलं नसतंस. आणि सत्तावीस म्हटलं की संपलं. मी जिंकले. इतकी वर्षं मला जिंकायचं होतं, आणि आता तो आकडा तोंडातून निघत नव्हता. मला नव्हतं गं जिंकायचं. मला नुसतं भांडायचं होतं.

"हॅलो? मॅडम?"

"सत्तावीस," मी म्हटलं.

"नक्की? कारण नयना मॅडम तर..."

"नयना खोटं बोलायची."

"ओके, सत्तावीस" म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी फोन हातात धरून गाळ्याच्या मधोमध उभी होते. तुझ्याच गाळ्यात, तुझ्याच पंपाशेजारी, परक्या माणसासमोर मी तुला खोटारडी म्हटलं होतं. माझ्याकडून असलं काही तू आयुष्यात कधी ऐकून घेतलं नाहीस. या वेळी घेतलंस.